बिल्ला अमेरिकेचा, सांगाडा कोणाचा?

अयोध्या नगरात फिगोवाल्यासमोर बीटची तारीफ करू नये, आणि बीटवाल्यासमोर फिगोची तर अजिबात नाही. दोन्ही गाड्या २०१० सालच्या. शेवरोले बीट जानेवारीत आली, फोर्ड फिगो मार्चमध्ये. दोघींच्या कंपन्यांनी भारतातला गाड्यांचा धंदा केव्हाच गुंडाळला. मालक मात्र आहेत, आणि भांडायला उत्साहही आहे.

भोपाळच्या या भागात, अयोध्या बायपासपासून पिपलानीपर्यंत, भेलच्या नोकरीनिमित्त येऊन इथलीच झालेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. घरात एक तरी माणूस टर्बाइन किंवा ट्रान्सफॉर्मरवर आयुष्य घालवलेला. त्यामुळे इथला गाडीचा वाद ‘अ‍ॅव्हरेज किती देते’ या प्रश्नावर संपत नाही, तिथून सुरू होतो. गणपतीत आरतीनंतर मंडपामागे चहा घेत उभे असलेले लोक बोनेट उघडून मुद्दे मांडतात.

“काका, तुमची फोर्ड तरी कुठे अमेरिकन आहे? जर्मनीतली आहे ती.”

“आणि तुझी? देवू माटिझची नात. बिल्ला लावला म्हणून कोरियाचं डेट्रॉइट होतं का रे?”

दोघंही खरं बोलतात, म्हणूनच वाद मिटत नाही.

आधी काकांची बाजू. फिगो चेन्नईजवळच्या मरैमलाई नगरात बनली, पण तिचा प्लॅटफॉर्म २००२ साली युरोपात आलेल्या फिएस्टाचा. प्लॅटफॉर्म म्हणजे नुसता खालचा पत्रा नव्हे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सस्पेंशन कुठे अडकवायचं ते बिंदू, इंजिनाचे माउंटिंग, इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली भिंत, स्टिअरिंगची मांडणी, टक्कर झाली तर धक्का कुठून कुठे जाईल त्याचा मार्ग: एवढं सगळं एकदा ठरवायला प्रचंड खर्च येतो. तो एकदा केला की कंपनी त्यावर हॅचबॅक चढवते, सेडान चढवते, दुसऱ्या ब्रँडला उसनाही देते. याच सांगाड्यावर भारतात आधी फ्यूजन आणि २००५ची फिएस्टा सेडान येऊन गेल्या होत्या. जपानच्या माझ्दा २ची एक पिढीसुद्धा याच हाडांवर उभी होती. डिझेल फिगोचं १३९९ सीसीचं इंजिन फोर्डने फ्रान्सच्या प्यूजो-सित्रोएनबरोबर मिळून केलेलं. म्हणजे अमेरिकी नाव, युरोपी हाडं, निम्मं फ्रेंच काळीज आणि तमिळ हात.

पेट्रोल फिगोच्या ११९६ सीसीमागे मात्र दिल्ली आहे. २००६च्या अर्थसंकल्पात ‘लहान गाडी’ची व्याख्या झाली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. त्या मापात बसेल तिला उत्पादन शुल्क कमी. फिगोची लांबी ३७९५ मिलिमीटर आणि बीटचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचं, ते काही योगायोगाने नाही. भारतातल्या छोट्या गाडीचा आकार इंजिनिअरच्या आधी अर्थमंत्र्यांनी काढलेला असतो, हे आमच्याकडे भेलवाल्यांनाही पटवून द्यावं लागतं.

फिगो चालवायला गोड, यावर तिचे शत्रूही वाद घालत नाहीत. हायड्रॉलिक स्टिअरिंग हातात वजन देतं. विदिशा रोडवर वळण घेताना चाक नेमकं कुठे आहे ते तळहाताला कळतं. पण इंडिकेटरची दांडी युरोपी पद्धतीने डावीकडे. मारुतीतून उतरून पहिल्यांदा फिगोत बसलेला माणूस वळताना वायपर फिरवतो आणि मागचा स्कूटरवाला गोंधळतो. शिवाय सर्वांत महागड्या मॉडेललाही मागच्या काचा हाताने फिरवायच्या. ‘इंडियन कार ऑफ द इयर २०११’ ठरलेल्या गाडीत फोर्डने एवढीशी कंजुषी का केली, हे मला तरी आजवर कळलेलं नाही.

आता बीटवाल्याची बाजू, जी मला जास्त रंजक वाटते. ही गाडी आधी कागदावर आणि मंचावर जन्मली. २००७च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात शेवरोलेने बीट, ग्रूव्ह आणि ट्रॅक्स अशा तीन छोट्या गाड्या मांडल्या, लोकांकडून मतं मागवली आणि बीट जिंकली. तिन्हींचं काम कोरियातल्या जीएम देवूने केलेलं; जीएम म्हणजे शेवरोलेची मालक जनरल मोटर्स. गाडी प्रत्यक्ष विकायला आली तेव्हा बहुतेक जगात तिचं नाव ‘स्पार्क’ ठेवलं. अमेरिकेतही ती स्पार्क म्हणूनच विकली गेली. भारतात मात्र स्पार्क हे नाव जुन्या माटिझच्या पुढच्या अवताराला आधीच देऊन झालं होतं, म्हणून इथे ती बीटच राहिली. एका गाडीला दोन नावं आणि एका नावाच्या दोन गाड्या. स्पेअर पार्ट मागवताना यातून जी गंमत होते ती बीटवाल्यांना विचारा. दुकानदाराने ‘स्पार्कचं’ म्हणून पाठवलेलं सामान कधी बसतं, कधी बॉक्स न उघडताच परत जातं.

तिच्या मागच्या दाराची कडी दिसत नाही. ती काचेच्या मागच्या टोकाला काळ्या प्लास्टिकमध्ये लपवली आहे, म्हणजे लांबून गाडी दोन दारांची वाटावी. पाहुणे दाराशी चाचपडत उभे राहतात आणि मालक आतून हसतो. मीटर मोटारसायकलसारखा, स्टिअरिंगच्या मागे एकटा उभा. पण या गाडीतली खरी हुशारी डिझेल मॉडेलच्या बोनेटखाली आहे. २०११ साली आलेलं ते इंजिन ९३६ सीसीचं आणि तीन सिलिंडरचं. हा आकडा आला कुठून? स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा आणि कितीतरी गाड्यांत बसलेलं फियाटचं ‘नॅशनल इंजिन’ १.३ मल्टिजेट, ते १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं. एका सिलिंडरला ३१२. त्यातला एक काढा, राहतात ९३६. फियाट आणि जनरल मोटर्स यांची काही वर्षं युती होती, तिचं हे अपत्य. म्हणून बीटवाला छाती काढून सांगतो की त्याच्या इंजिनात टायमिंग चेन आहे, काकांच्या फिगोसारखा रबरी बेल्ट नाही. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात आणि खर्च गाडीच्या किमतीला हात लावतो. काका यावर गप्प बसतात, मग म्हणतात, “चेन बदलायची वेळ आली की मला बोलव, बिल बघायला येतो.”

एकच हाडं आणि वेगळे बिल्ले, हा प्रकार मराठी माणसाला नवा असायचं कारण नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरशी करार करून गाड्या जुळवल्या: डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट. तिन्हींचं धड मुळात प्लिमथचं, जाळी आणि चेहरा तेवढा वेगळा. शेजाऱ्याच्या डॉजपेक्षा आपली डिसोटो भारी, हा अभिमान त्याही काळी नुसत्या पुढच्या जाळीवर उभा होता. जनरल मोटर्स तर त्याच्याही आधी, १९२८ पासून, मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं की नुसती जुळणी चालणार नाही, इथे बनवा, नाहीतर जा. १९५० च्या दशकात जीएम आणि फोर्ड दोघंही निघून गेले. कुर्ल्याने पुढे फियाट धरली आणि तिची पद्मिनी झाली. नव्वदीत दरवाजे उघडल्यावर अमेरिकन परत आले. फोर्डची एस्कॉर्ट तर सुरुवातीला महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात जुळत होती. मग १९९९ मध्ये फिएस्टाला डिकी जोडून भारतासाठी खास आयकॉन केली, ‘जोश मशीन’ म्हणून जाहिरात झाली, आणि अयोध्या नगरातल्या कित्येकांना पहिल्यांदा कळलं की गाडी चालवण्यातही मजा असते.

खरं म्हणजे अमेरिकेला छोटी गाडी कधी मनापासून जमलीच नाही. फोक्सवॅगन बीटल धडाधड खपायला लागली तेव्हा कुठे डेट्रॉइटला जाग आली आणि १९६० च्या मॉडेलवर्षात तीन कॉम्पॅक्ट एकदम उतरल्या: शेवरोले कॉर्व्हेअर, फोर्ड फाल्कन आणि क्रायस्लरची व्हॅलियंट. त्यातल्या साध्यासुध्या फाल्कनच्या सांगाड्यावरच फोर्डने १९६४ मध्ये मस्टँग उभी केली, हे मस्टँगचं पोस्टर भिंतीवर लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. उलटं उदाहरण कॅडिलॅक सिमारॉनचं. १९८२ च्या मॉडेलवर्षात जीएमने आपल्या स्वस्त कॅव्हेलियरच्या हाडांवर कातडी सीट चढवून तिला कॅडिलॅक म्हणून विकायचा प्रयत्न केला आणि कॅडिलॅकची लाज गेली. नंतर तर जीएमने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये टोयोटाबरोबर कारखाना काढून कोरोलाच ‘शेवरोले नोव्हा’ म्हणून विकली. त्या आवारात आज टेस्ला बनते. तेव्हा काकांची फोर्ड किंवा शेजारच्याची शेवरोले ‘खरी अमेरिकन’ नसेल, तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही. अमेरिकेतल्याही बऱ्याचशा नव्हत्या.

मग वाद घालायचा कशावर? माझ्या मते सांगाड्यावर, बिल्ल्यावर नाही, आणि त्याचा पुरावा फिगोनेच दिला. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या: अल्टो, आय१०, नॅनो, पोलो आणि फिगो. सगळ्या एअरबॅग नसलेल्या, सगळ्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. वर्तमानपत्रांत शून्यच छापून आलं. पण अहवालात पुढचं वाक्य होतं: फिगो आणि पोलो यांचा सांगाडा टिकून राहिला, म्हणजे एअरबॅग बसवली तर तिचा उपयोग होईल. बाकीच्या तीन गाड्यांत सांगाडाच इतका कोसळला की एअरबॅगने फारसं काही वाचलं नसतं. युरोपासाठी आखलेल्या हाडांनी इथे आपलं काम केलं, आणि एअरबॅग महागड्या मॉडेलपुरत्या ठेवण्याचा हिशेब कंपनीचा होता. बीटवाल्याला हे ऐकवलं की तो म्हणतो, माझ्या गाडीला त्या चाचणीत कुणी आदळलंच नव्हतं. हाही मुद्दा आहेच.

१८ मे २०१७ ला जीएमने जाहीर केलं की भारतात गाड्या विकणं थांबवणार. गुजरातेतला हलोल कारखाना बंद झाला. तळेगावचा मात्र चालू राहिला, कारण तिथून डाव्या स्टिअरिंगच्या बीट मेक्सिकोला जात होत्या. म्हणजे पुण्याजवळ गाडी बनत होती आणि भोपाळमध्ये ती विकत मिळत नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावही थांबलं. कामगारांचा लढा पुढे कोर्टकचेरीत चालू राहिला आणि कारखाना अखेरीस ह्युंदाईने घेतला. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला हात वर केले. त्यांची कथा आणखी विचित्र: चेन्नईत बनलेली इकोस्पोर्ट ते २०१८ पासून खुद्द अमेरिकेत विकत होते. भारताने अमेरिकेला अमेरिकी गाडी निर्यात केली आणि तरी कारखाना वाचला नाही.

कंपन्या गेल्यावर मालकांचं काय झालं, हे गोविंदपुऱ्याच्या गॅरेजमध्ये बघावं. तिथला मिस्त्री फिगो, जुनी फिएस्टा आणि फ्यूजन यांना एकच गाडी समजतो, आणि ते बरोबर आहे. लोअर आर्म, लिंक रॉड, बुश यांच्यासाठी तो गाडीचं नाव फारसं विचारत नाही, “किस साल की है” एवढं विचारतो आणि जुना पार्ट काढून नव्याशेजारी ठेवून बघतो. बोल्टची भोकं जुळली की काम झालं. २०१० च्या गाड्यांनी २०२५ मध्ये पंधरा वर्षं पुरी केली. आरसी नव्याने करायची तर ५,००० रुपये फी आणि फिटनेसची तपासणी. बरेच लोक गाडी भंगारात द्यावी की ठेवावी यावर घरात मतदान घेतात. काकांनी फी भरली. बीटवाल्याने ती बातमी ऐकून दुसऱ्याच आठवड्यात भरली.

आता या वादात एक तिसरा भिडू आला आहे, एमजी हेक्टर घेतलेला. तो दोघांकडे थोडा वरून बघायचा, कारण मॉरिस गॅरेजेस म्हणजे ब्रिटिश. त्याला काकांनी एका संध्याकाळी शांतपणे समजावलं. तुझी गाडी बनते हलोलला, जिथे पूर्वी शेवरोले बनायची. जीएमने तो कारखाना चीनच्या एसएआयसीला विकला. हेक्टर मुळात चीनची बाओजुन ५३०. ती ज्या कंपनीची, त्या एसएआयसी-जीएम-वूलिंगमध्ये जनरल मोटर्सचा ४४ टक्के हिस्सा. तीच गाडी कोलंबियात, मेक्सिकोत ‘शेवरोले कॅप्टिवा’ म्हणून विकली गेली. आणि तुझं १९५६ सीसीचं डिझेल इंजिन फियाटच्या घराण्यातलं, रांजणगावला बनलेलं. तेच जीप कंपासमध्ये, तेच टाटा हॅरिअरमध्ये.

हेक्टरवाल्याने मोबाइल काढून कॅप्टिवाचे फोटो शोधले आणि बराच वेळ जाळी न्याहाळत राहिला. बीटवाला तेवढ्यात म्हणाला, “म्हणजे आमच्यातलाच निघालास की रे,” आणि काकांनी लगेच हरकत घेतली, की आमच्यातला म्हणजे शेवरोलेवाल्यांतला, फोर्डला यात ओढू नका.