कुंडीतलं रोप काय सांगतं?

मंडळी, आजचा विषय तसा वीतभर उंचीचाच आहे. कुंडीत, पिशवीत किंवा फुटक्या डब्यात वाढणारं कोवळं रोप आजारी पडलं, तर दुखणं ओळखायचं कसं आणि उपाय करायचा कोणता, एवढंच आज पाहायचं. उदाहरणाला आपण मिरचीचं रोप घेऊ. ते घरोघरी असतं, आणि शाळेच्या ओसरीवरही असतं.

कुणी म्हणेल, चार रोपं मेली तर एवढं काय बिघडलं? बियाण्याचे पैसे गेले, इतकंच ना? पण नुसते पैसे जात नाहीत, दिवस जातात. मिरचीचं बी उगवायला आठ-दहा दिवस लागतात आणि रोप लावणीजोगं व्हायला पाच-सहा आठवडे. रोपं ऐन वेळी मेली तर पुन्हा बी टाकून तेवढे दिवस थांबावं लागतं, आणि पाऊस काही आपल्यासाठी थांबत नाही. शाळेत तर याहून मोठं नुकसान होतं. ज्या पोराचं रोप मरतं, ते पोर म्हणतं, 'माझ्या हाताला झाड लागत नाही.' ही समजूत एकदा मनात बसली की जन्मभर निघत नाही. खरं म्हणजे हाताचा गुण-अवगुण इथं काही नसतो. पाणी, माती, ऊन किंवा कीड, यांपैकी कशात तरी चूक असते आणि ती शोधता येते.

रोप मान टाकू लागलं की आपण पहिली धाव औषधाच्या बाटलीकडे घेतो. तसं करू नका. आधी तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, सगळीच रोपं बिघडली आहेत की एखाददुसरंच? सगळ्या कुंड्या एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं बिघडल्या असतील तर दोष बहुधा पाण्याचा, मातीचा, खताचा किंवा उन्हाचा. म्हणजे आपल्याच व्यवस्थेचा. एका कुंडीत सुरू होऊन दुखणं शेजारी सरकत असेल तर रोग किंवा कीड समजा. दुसरी गोष्ट, खालची जुनी पानं बिघडली आहेत की शेंड्याची नवी? तिसरी, दुखणं दिसण्याच्या आधीच्या आठवड्यात आपण काय केलं? खत घातलं? जागा बदलली? या तीन उत्तरांत निम्मं निदान होऊन जातं.

आता पाण्याचं बघू. कुंडीतली रोपं तहानेनं मरतात त्यापेक्षा जास्त मायेनं मरतात. वर्गातली चाळीस मुलं एका कुंडीत दिवसातून चार-चार वेळा पाणी ओततात. त्या रोपानं करावं तरी काय? मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय ते सांगायला नको. ओल आहे, पण चिखल नाही, अशी जमिनीची स्थिती. तोच वाफसा कुंडीतही हवा. माती सदा गच्च ओली राहिली की मुळं गुदमरतात, तपकिरी होऊन कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग भर पाण्यातही पानं कोमेजतात. आपल्याला वाटतं रोप तहानलं, आपण आणखी पाणी घालतो, आणि रोप संपतं.

यावर साधी परीक्षा आहे. बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत कोरडं लागलं तरच पाणी द्या. कुंडी उचलून पाहायची सवय केली तर नुसत्या वजनावरूनही कळतं. शंका आली तर एक रोप मातीच्या गड्ड्यासह अलगद काढून मुळं पाहा. पांढरी मुळं निरोगी. तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची मुळं कुजलेली. तसं असेल तर पाणी थांबवा, कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं करा, तिच्याखाली दोन विटा ठेवा. दुपारी मान टाकून संध्याकाळी आपोआप ताजं होणारं रोप मात्र आजारी नसतं. उन्हात पानांतून पाणी जास्त उडून जातं, मूळ तेवढं पुरवू शकत नाही, इतकंच. त्याला दुपारपुरती सावली पुरते.

दुसरं दुखणं म्हणजे कोलमड. काल ताठ उभं असलेलं कोवळं रोप आज मातीलगत पिचून आडवं होतं. दाट पेरणी, सततची ओल आणि मातीतली बुरशी या तिघांचं हे काम. पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही, म्हणून त्याच्यावर औषध वाया घालवू नका. ते मातीसकट काढून टाका, बाकीची विरळ करा, पाणी कमी करा आणि उरलेल्यांच्या बुडाशी बोर्डो मिश्रण ओता.

या मिश्रणाची कथा ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. तेवढ्याच वेली केवड्या रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या नजरेस आलं. त्यानं प्रयोग करून १८८५ साली हे औषध जगापुढे मांडलं. वेली पुष्कळांनी पाहिल्या असतील. हा फरक का, असं त्यानं विचारलं.

मिश्रण करायला १ लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना घ्या. दोन्ही वेगवेगळं अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये, मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतून ढवळा. मग त्यात स्वच्छ विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा. हे काम मोठ्या माणसानं करावं, मुलांच्या हाती देऊ नये.

तिसरं, पानं पिवळी पडणं. इथं जुनं पान की नवं, हा प्रश्न कामी येतो. घरात तंगी आली की वडीलधारी माणसं आपल्या ताटातली भाकर लेकरांच्या ताटात टाकतात. नत्राचं तसंच आहे. नत्र कमी पडलं की रोप ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं सबंध पिवळी पडतात. त्याला मूठभर गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत द्या. लोहाचं उलट. ते एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही, म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याची नवी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या काळ्या मातीत हे फार दिसतं. मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं. अशा वेळी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि एका लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा. आधी एकाच रोपावर करून दोन दिवस पाहा. मात्र खत देण्यापूर्वी मातीची ओल तपासा. गुदमरलेलं मूळ अन्नही घेत नाही, आणि मग उपाशी नसलेलं रोपही पिवळं दिसतं.

पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरट थर आला तर खत जास्त झालं किंवा पाणी क्षारांचं आहे, असं समजा. खत थांबवा. बुडाचं भोक मोकळं असेल तर एकदा भरपूर गोडं पाणी सोडून क्षार धुऊन काढा, आणि वाफसा येईपर्यंत पुन्हा पाणी देऊ नका.

चौथं, पानं चुरडणं. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी. पान उलटं करून पाहा. कीड बहुधा पाठीमागेच लपते. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, बारीक जीव हलताना दिसतील. सुरुवातीलाच निंबोळी अर्क फवारला तर पुष्कळदा भागतं. ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडासा साबण मिसळा आणि पानांच्या खालून संध्याकाळी फवारा. पण पानं लहान, आखूड, गुच्छासारखी होऊन रोप खुजंच राहिलं, तर तो विषाणूचा चुरडा-मुरडा असू शकतो. त्याला औषध नाही. पांढरी माशी तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेते. असं रोप उपटून जाळा. एकाची माया धरलीत तर दहा जातील.

रोप लांबट, फिकट, काडीसारखं झालं असेल तर त्याला खत नको, ऊन हवं. पण एकदम भर उन्हात मांडू नका. रोज थोडं वाढवत न्या. लावणीआधी आठ-दहा दिवस पाणीही जरा कमी करा, म्हणजे रोप काटक बनतं.

आणि पुढच्या खेपेला दुखणं येऊच नये म्हणून कुंडी भरतानाच काळजी घ्या. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्च्या शेणखतानं मुळं करपतात आणि हुमणीही येते.

गुरुजी, शेवटची गोष्ट खास तुमच्यासाठी. प्रत्येक कुंडीला क्रमांक द्या आणि मुलांना एक वही घालून द्या: तारीख, पाणी, ऊन, जुनं पान कसं, नवं पान कसं. पाणी घालण्याची पाळी एका दिवशी एकाच मुलाची ठेवा. एखादं रोप मेलं तरी मुलाला रागावू नका. ते उपटा, मुळं धुवा आणि सगळ्या वर्गाला दाखवा. ते का मेलं हे ज्या मुलाला सांगता आलं, ते दुसरं रोप नक्की जगवील.