कढीपत्त्यावरची अळी

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पालवीवर मोहरीएवढे, पिवळसर, गोल अंडे दिसले, तर ते बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराचे असते. मुलांनी घरी वाढवून पाहावीत अशी याहून सोयीची फुलपाखरे नाहीत. पानासकट अंडे बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. तीन-चार दिवसांत अळी निघते.

लहानपणी ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; त्यामुळे शत्रू फसतात. चौथ्यांदा कात टाकली की हिरवीगार होते. तिला डिवचले, तर डोक्यामागून दुभंगलेल्या शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. हे स्वसंरक्षण एकदा आवर्जून पाहावे, पण वारंवार छेडू नये. पाने ताजी, फवारणी न केलेली हवीत. विष्ठा रोज काढावी. ओल साचली की अळ्या मरतात.

पुढे अळी काडीला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून कोष करते, म्हणून बरणीत तिरकी काडी हवीच. साधारण आठ-दहा दिवसांनी कोषातून पंखांची नक्षी दिसू लागते. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख वाळेपर्यंत त्याला हात लावू नये. मग सोडून द्यावे. कधी कोषातून फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाशी निघते. तिचीही नोंद वहीत व्हायला हवी.