नाव सांगावं, पण कोणाला आणि कशासोबत?

धावफलकावर तो कायम ‘आर. अश्विन’ असाच दिसला. १८ डिसेंबर २०२४ रोजी ब्रिस्बेनमध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा निरोप घेतला, तेव्हा त्याच्या खात्यात ५३७ कसोटी बळी होते. त्यातला ‘आर’ म्हणजे रविचंद्रन, त्याचे वडील. परदेशी समालोचक त्याला प्रेमाने ‘रवी अश्विन’ म्हणत, म्हणजे अर्धी हाक बापाला आणि अर्धी मुलाला. अश्विन चेन्नईच्या वेस्ट मांबलमचा. तिथल्या गल्ल्यांमधल्या क्रिकेटवर त्याच्या आत्मचरित्राचा मोठा भाग उभा आहे. मार्च २०२५ मध्ये चेन्नई महापालिकेने तिथल्या एका रस्त्याला त्याचं नाव द्यायला मंजुरीही दिली.

मांबलम स्टेशनाच्या पूर्वेला रंगनाथन स्ट्रीटची खरेदीची झुंबड आणि पश्चिमेला देवळं, मेस, क्लासेस, अयोध्या मंडपम अशी जुनी वस्ती. या वस्तीतल्या बहुतेक माणसांचं नाव अश्विनसारखंच असतं: पुढे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मग स्वतःचं नाव. संपलं. आडनाव नाही. मोबाइलवरचा फॉर्म मात्र ‘पहिलं नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने दाखवतो, दुसऱ्यावर लाल चांदणी असते आणि तो रिकामा ठेवला तर गाडी पुढे सरकत नाही. मग कोणी तिथे नुसतं आद्याक्षर टाकतं, कोणी स्वतःचंच नाव पुन्हा लिहितं, कोणी वडिलांचं अख्खं नाव. नाव द्यावं की नाही हा प्रश्न पडण्याआधीच जास्तीची एक माहिती देऊन झालेली असते.

याची झळ स्क्रीनच्या बाहेरही लागते. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या माणसाच्या अमेरिकी व्हिसावर ते नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’, अशी अक्षरं पडतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचा नियम लागू केला. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव असेल तर चालेल, असा खुलासा पाठोपाठ करावा लागला.

तमिळ नावातून जातीची ओळख गळाली, त्यामागे चळवळ आहे. १९२९ मध्ये चेंगलपट्टूला पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीची पहिली प्रांतिक परिषद भरली आणि नावामागची जातिदर्शक बिरुदं टाकून द्यावीत, असा ठराव तिथे झाला. अध्यक्ष होते डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन. वेस्ट मांबलममधून रूळ ओलांडून टी. नगरात गेलं की जो पाँडी बाजार लागतो, तो त्यांच्याच नावाचा.

मराठी नावाची गोष्ट वेगळी. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि मग आडनाव, अशा तीन शब्दांत घराचा, पुष्कळदा गावाचा आणि जातीचाही पत्ता लागतो. म्हणूनच अनेक मराठी मंडळी, विशेषतः मुली, इंटरनेटवर नुसतं पहिलं नाव ठेवतात आणि तेवढ्याने आपण झाकलेलो आहोत असं समजतात. ही समजूत अर्धीच खरी आहे.

अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख एकमेव ठरू शकते. नावाची गरजच नाही. आपल्याकडे एका पिनकोडात तिथल्यापेक्षा बरीच जास्त माणसं राहतात, त्यामुळे गणित जरा बदलतं, पण फार नाही. वेस्ट मांबलमचा पिनकोड ६०००३३. तिथे समजा एक लाख माणसं आहेत. सत्तर वर्षांच्या जन्मतारखा धरल्या तर साधारण साडेपंचवीस हजार होतात, आणि स्त्री-पुरुष वेगळे केले की एक्कावन्न हजार खाने. म्हणजे एका खान्यात सरासरी दोनच माणसं. त्या दोघांतून एकाला वेगळं काढायला पहिलं नाव पुरेसं आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरलेलं पान, ‘आमच्या एरियात पाणी तुंबलं’ म्हणून टाकलेला फोटो आणि त्यावरचं खरं पहिलं नाव एवढ्यावर हे कोडं सुटतं. त्यात मतदार यादी कोणालाही पाहता येते. तिच्यात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक आणि वय ओळीने छापलेलं असतं.

नाव किती दुर्मीळ आहे यावरही बरंच अवलंबून असतं. सुनीता, संजय, लक्ष्मी, रमेश ही नावं गर्दीत मिसळून जातात. ‘दुसऱ्या कोणाचं नसेल असं’ नाव हौसेने शोधून बाळाला ठेवणाऱ्या आईबापांनी हे जरूर लक्षात घ्यावं. असं नाव सर्च इंजिनात टाकलं की शाळेचा निकाल, नृत्यस्पर्धेचं बक्षीस, पहिली नोकरी हे सगळं एकाच माणसाचं म्हणून समोर येतं. त्या मुलीचं ‘नुसतं पहिलं नाव’ हेच तिचं पूर्ण नाव होऊन बसतं.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. नावातून माणूस सापडला नाही तरी समाज सापडतो. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. बदल फक्त नावांत होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश. मुस्लिम मुलीला आडनाव गाळून काही उपयोग नसतो. तिचं पहिलं नावच सगळं सांगून टाकतं. भाड्याने घर शोधणाऱ्याला हे संशोधन न वाचताही ठाऊक असतं.

म्हणून ‘लपवण्यासारखं काही नसेल तर खरं नाव द्यायला काय हरकत?’ हा प्रश्न ज्यांना नावाची किंमत कधी मोजावी लागली नाही, त्यांनाच सुचतो. फेसबुकने वर्षानुवर्षं खऱ्या नावाचा आग्रह धरला. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ड्रॅग कलाकारांची खाती बंद झाली, आरडाओरडा झाला आणि कंपनीला माफी मागावी लागली. तरी डिसेंबर २०१७ मध्ये भारतात नव्या खात्यांसाठी ‘आधारवर आहे तसं नाव’ लिहा, अशी सूचना तिने काही लोकांवर आजमावून पाहिलीच. नाव निवडण्याचा हक्क माणसाचा असायला हवा. बंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या चित्रपटातून रजनीकांत म्हणून पुढे आला आणि चेन्नईने त्याला त्याच नावाने डोक्यावर घेतलं. टोपणनाव घेणारी प्रत्येक व्यक्ती ठग नसते.

आता नाव न देण्याची सोय कुठे संपते तेही पाहायला हवं. वेस्ट मांबलममध्ये मोगऱ्याचा गजरा घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला की फुलवालीचं बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर येतं. ३० जून २०२५ पासून यूपीआय अ‍ॅपवर हेच नाव दाखवणं बंधनकारक आहे, ग्राहकाने सेव्ह केलेलं टोपणनाव चालत नाही. फसवणूक रोखायला हे हवंच. पैसे पाठवणाऱ्याला समोरचा कोण ते कळलं पाहिजे. पण याचाच अर्थ असा, की मोबाइल नंबर हाती असलेला माणूस एक रुपया पाठवायच्या बहाण्याने खरं नाव काढून घेऊ शकतो. तेव्हा पहिलं नाव जपण्यापेक्षा नंबर जपणं जास्त गरजेचं. विक्री-खरेदीच्या जाहिरातीत किंवा सोसायटीबाहेरच्या ग्रुपवर नंबर टाकताना नावही त्याच्यासोबत जातंय, असं धरूनच चालावं.

महाराष्ट्रातल्या घरांसाठी एक नवी बाबही आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला. आईला तिची जागा मिळाली, हे फार चांगलं झालं. मात्र फोनवर ओळख पटवताना ‘आईचं नाव काय?’ हा प्रश्न बँकांमध्ये अजून सर्रास विचारला जातो, आणि या पिढीच्या बाबतीत त्याचं उत्तर शाळेच्या दाखल्यापासून प्रत्येक प्रमाणपत्रावर छापलेलं असणार. या मुलांची बँक खाती उघडतील तेव्हा त्या प्रश्नाच्या जागी दुसरा काहीतरी निवडता येत असेल तर आईबापांनी तो निवडावा, आणि बारशाच्या फोटोखाली नाव लिहिताना जन्मतारीख व रुग्णालयाचा टॅग तरी वगळावा.