पसारा कुणाचा, जागा कुणाची?

आजचा विषय आहे, वयात आलेली मुलं आपली खोली नीट का ठेवत नाहीत आणि त्यांच्याकडून ते कसं करून घ्यायचं. पहिले एक गोष्ट साफ करू. आपल्या गोंदिया जिल्ह्यात स्वतःची खोली किती पोरांना असते? गोंदिया शहरात, तिरोड्यात, आमगावात काही घरी असेल. पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या गावात खोली म्हणजे काय? एक खाट, भिंतीतला कोनाडा, एक पेटी, आणि बाजूला धानाची पोती. म्हणून मी ‘खोली’ म्हणेन तेव्हा तुम्ही ‘त्याची जागा’ असं समजा.

आता, आवरायचं कशासाठी? बहुतेक घरी उत्तर एकच असतं, ‘पाहुणे आले तर काय म्हणतील?’ पंधरा वर्षांच्या मुलाला हे पटत नाही. पाहुणे कधीतरी येतात, तो तिथे रोज झोपतो. त्याला त्याच्या कामाचं कारण द्या. आपल्याकडे अशी दोन कारणं आहेत.

पहिलं कारण साप. आपला भाग धानाचा. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरल्या की उंदीर, बेडूक, साप सगळेच कोरडी जागा शोधत घराकडे येतात. जिथे उष्टं-खरकटं आणि कपड्यांचे ढीग, तिथे उंदरांना घर मिळतं, आणि उंदरांमागे साप. त्यात मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. मग पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं जड होतं. अशा वेळी मांत्रिकाकडे नाही, १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. पण त्याच्या आधीचं काम घरातलं आहे. जमीन मोकळी ठेवणं, अंथरूण झटकून घालणं, जमेल तर खाटेवर झोपणं, मच्छरदाणी गादीखाली खोचणं. हा शिस्तीचा नाही, जीवाचा विषय आहे.

दुसरं कारण डास. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि बसायला अंधारी जागा शोधतो. खाटेखाली, खुंटीवर टांगलेल्या कपड्यांच्या मागे. अंडी घालतो साचलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे कूलरच्या टाकीत नाहीतर उघड्या डब्यात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असं आरोग्य विभाग सांगतो. त्याच दिवशी खुंटीवरचे कपडेही उतरवायचे.

मग तुम्ही म्हणाल, ‘सर, सगळं सांगून झालं, पण पोट्टं ऐकतच नाही जी!’ का ऐकत नाही ते पाहू. आखणी करणं, काम क्रमाने लावणं, आत्ता कंटाळा आला तरी पुढचं पाहणं, ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची. हा भाग पूर्ण पिकायला विशी उलटून पंचविशीपर्यंत वेळ लागतो. आपण म्हणतो, ‘खोली आवर.’ आपल्याला वाटतं हे एक काम. त्याला दिसतात तीस कामं, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मग तो खाटेवर मोबाईल घेऊन बसतो.

रोवणीला आपण मजुराला ‘शेत कर’ म्हणतो का? नाही. आज पऱ्हे खोदा, उद्या ही बांधी लावा, असं सांगतो. घरातही तसंच करा. ‘पहिले ताटं-कप उचल.’ झालं. ‘आता मळके कपडे बादलीत.’ झालं. ‘आता पुस्तकं कोनाड्यात.’ रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी. आणि वस्तूला जागा द्या. खुंटीच नसेल तर शर्ट जमिनीवरच पडणार, त्यात पोराचा काय दोष?

नियम थोडे ठेवा. मी तीनच सांगतो. जमीन मोकळी, उष्टं खोलीत नाही, ओले कपडे ढिगात नाहीत. बाकी टेबलावर पसारा आहे, भिंतीवर क्रिकेटवाल्यांचे फोटो आहेत, राहू द्या. ती त्याची जागा आहे. तुम्ही स्वतः जाऊन सगळं आवरून टाकलं, वही चाळली, तर तो आवरायला नाही, लपवायला शिकेल.

अजून एक, जरा कडू आहे. कित्येक घरी भावाचा पसारा बहीण आवरते. दोघंही दहावीला, अभ्यास दोघांनाही, पण झाडू एकीच्याच हातात. हे थांबवा. गाडगेबाबा आपल्याच विदर्भातले, १८७६ चा जन्म. गावात आले की पहिले स्वतः झाडू घ्यायचे, कीर्तन रात्री. त्यांच्या नावाने राज्यात २००० पासून ग्रामस्वच्छता अभियान चाललं. त्यांचा क्रम लक्षात ठेवा, आधी हात, मग तोंड. बापाची चप्पल दारात आडवी आणि मुलाला व्याख्यान, असं चालत नाही.

शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. नेहमी नीट राहणारं मूल अचानक सगळं सोडून देतं, आंघोळ टाळतं, जेवत नाही, मित्रांपासून तुटतं, आणि हे दोन-तीन आठवडे चालतं, तर तो आळस समजू नका. रागावू नका, जवळ बसा, विचारा. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तर आज घरी गेल्यावर ‘खोली आवर’ म्हणू नका. एकच काम सांगा, आणि झालं की ‘बरं केलंस’ म्हणा. आता तुमचे प्रश्न घेऊ.