लोहाऱ्याहून बोटीपर्यंत

मुंबईच्या धक्क्यावरून सहलीसाठी सुटणाऱ्या बोटींचा गेल्या वीस वर्षांचा हिशोब मांडायचा तर एक गोष्ट आधीच सांगून टाकावी लागते: यातली एकही बोट आपल्यासाठी बांधलेली नव्हती. २००५ मध्ये आलेली ‘सुपरस्टार लिब्रा’ १९८८ साली फिनलंडमध्ये वेगळ्याच नावाने बांधली गेली होती. २०१६ च्या डिसेंबरपासून मुंबईहून मालदीवला जाऊ लागलेली ‘कोस्टा निओक्लासिका’ १९९१ ची. ऑक्टोबर २०१८ मध्ये गोव्याकडे निघालेली ‘आंग्रिया’ आधी जपानमध्ये ‘ओगासावारा मारू’ या नावाने टोकियो आणि दूरची ओगासावारा बेटं यांच्यामध्ये ये-जा करायची. २०१९ ची ‘कर्णिका’ म्हणजे १९९० ची ‘क्राउन प्रिन्सेस’. आज धावणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’सुद्धा १९९० साली फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून पाण्यात उतरली. थोरल्याचा सदरा धाकट्याला, तशा या बोटी आपल्याकडे आल्या. त्यात कमीपणा नाही, पण जुनी बोट आणि नवी कंपनी ही जोडी फार दिवस टिकत नाही, हे या वीस वर्षांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. तिकीट काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आमचं लोहारा यवतमाळला चिकटून आहे. एमआयडीसी आणि डेनिमची गिरणी ही त्याची बाहेरची ओळख. इथून मुंबईचा समुद्र जवळपास सातशे किलोमीटर. आमच्या भागातल्या माणसाआधी इथला कापूस समुद्र पाहून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरो गेज टाकली ती त्यासाठीच. ‘शकुंतला’ नावाच्या या गाडीवरून गाठी मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, आणि पुढे जहाजाने विलायतेला. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचं, १९२१ चं, ते १९९४ पर्यंत राबलं. माणसाला मात्र बोटीत बसायचं काही कारणच नव्हतं. कोकणातल्या चाकरमान्याला बोट म्हणजे एसटीसारखी होती. गणपतीला जायचं तर भाऊच्या धक्क्यावर पथारी टाकून डेकचं तिकीट काढायचं. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं त्या पिढीला पाठ आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती सेवा आटोपली, नव्वदच्या दशकात दमानिया कंपनीची कॅटामरान बोट थोडी वर्षं गोव्याला पळाली आणि तीही थांबली. या सगळ्याची बातमी आमच्याकडे पेपरातून यायची, तीही आतल्या पानावर.

म्हणून ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा इकडे कुणाला जुन्या बोटीची आठवण झाली नाही. आठवला तो ‘टायटॅनिक’ पिक्चर. गल्लीतल्या एका आजीबाईंचे प्रश्न मला अजून आठवतात: “पान्याबिगर काही दिसते का तेथी? रातच्याले बोट थांबते का चालूच रायते?” दोन्ही प्रश्न चोख होते. ‘आंग्रिया’ दुपारी चारच्या सुमारास सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला लागायची. म्हणजे कोकणचा अर्धाअधिक किनारा अंधारातच मागे पडायचा. आजीबाईंनी ते न जाता ओळखलं होतं. तरी माझ्या मते या यादीतली सर्वांत शहाणी बोट तीच. सव्वाशे-दीडशे मीटर लांबीची, साडेतीनशे-चारशे माणसांची, एका रात्रीची. जाताना बोटीने आणि येताना रेल्वेने असा बेत जमायचा. कान्होजी आंग्र्यांचं नाव घेऊन ती त्यांच्याच किनाऱ्याने जायची. कोविडनंतर तिची ये-जा पुन्हा काही बसली नाही.

‘कर्णिका’चं प्रकरण वेगळं. सत्तर हजार टनांची, चौदा मजल्यांची, डॉल्फिनच्या डोक्यासारख्या नाकाची ही बोट, आणि तिचं रूप रेंझो पियानो या इटालियन वास्तुकाराच्या हातचं. एप्रिल २०१९ मध्ये तिची मुंबईतून मोठ्या थाटात सुरुवात झाली. मार्च २०२० मध्ये ती मुंबईपुढे नांगरून पडली, देणी थकली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती अलंगच्या भंगारकिनाऱ्यावर चढली. एवढी मोठी बोट दीड वर्षात होत्याची नव्हती झाली.

कोविडने क्रूझ या प्रकाराचीच गचांडी धरली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसं होती आणि त्यातल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. त्या बोटीवर शंभरावर भारतीय कर्मचारी होते. पुढे १८ सप्टेंबर २०२१ ला आयआरसीटीसीच्या साथीने कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईतून सुटली. पंधरा दिवसांत तिच्यावर अमली पदार्थांवरून छापा पडला, आणि आमच्या भागात क्रूझ म्हणजे काय ते टीव्हीवरच्या त्या बातम्यांनी पोचवलं. जानेवारी २०२२ मध्ये दोन हजार माणसांपैकी ६६ जण पॉझिटिव्ह निघाले म्हणून तीच बोट गोव्याहून परत आली. एवढं सगळं पचवून ती अजून धावते आहे, याचं एक कारण मला तिच्या जन्मात दिसतं. ‘नॉर्डिक एम्प्रेस’ मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी आखलेली होती, आणि आपल्याकडच्या माणसाच्या सुट्टीचं आणि खिशाचं माप नेमकं तेवढंच आहे.

आता तिकिटाचं. यवतमाळच्या बाजूने जी मंडळी जाऊन आली त्यांच्या हिशोबाच्या वह्या मी पाहिल्या आहेत, आणि घोळ नेहमी एकाच जागी होतो. जाहिरातीतला आकडा दोन माणसांच्या केबिनमधल्या एका माणसाचा असतो. त्यावर बंदर शुल्क, सेवेचे पैसे आणि जीएसटी चढतो. एकटं जायचं असेल तर जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. तिसरं-चौथं माणूस त्याच केबिनमध्ये घेतलं तर त्याचं भाडं बरंच कमी, पण झोपायला भिंतीतून उघडणारी वरची बर्थ मिळते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती देऊ नये. रेल्वेतल्यासारखं तिथे खालचा प्रवासी अदलाबदल करत नाही, कारण खाली घरचीच दोघं असतात आणि भांडण घरातच होतं. भाड्यात मुख्य डायनिंग हॉल आणि बुफेचं जेवण, नाटक-नाचाचे बहुतेक कार्यक्रम आणि पोहण्याचा हौद येतो. दारू, मसाज, वायफाय, वेगळी हॉटेलं आणि बंदरावरची सहल यांचे पैसे वेगळे. बोटीवर रोख चालत नाही. केबिनचं कार्डच सगळीकडे घासायचं आणि शेवटच्या रात्री बिल यायचं. ते बिल दरवाजाखाली सरकल्यावर नवरा-बायकोत जो संवाद होतो तो टाळायचा असेल तर रोज काउंटरवर आकडा विचारावा.

एजंटकडून घेतलं तरी हरकत नाही, पण पैसे भरल्यावर कंपनीचा बुकिंग नंबर हातात हवा आणि तो कंपनीच्या साइटवर आपल्या नावाने उघडला पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला नुसती व्हॉट्सॲपवरची पावती मिळाली होती आणि ऐनवेळी केबिन वेगळीच निघाली. रद्द करण्याचे नियम तर आधीच वाचावेत. सफर जवळ येते तशी कपात वाढते आणि शेवटी काहीच परत मिळत नाही. वर सांगितलेला बोटींचा इतिहास लक्षात घेता वर्ष-वर्ष आधी पूर्ण रक्कम गुंतवणं मला पटत नाही. दोन-तीन महिने आधी, आणि शक्य असेल तर क्रेडिट कार्डाने भरावं.

महिना कोणता? आमच्या भागाला याचं उत्तर सोपं जातं. कापूस घरात येतो, थोडा विकला जातो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत अरबी समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीत भाडं चढतं. पावसाळ्यात मुंबईहून जायचं मनातही आणू नये. ‘एम्प्रेस’सुद्धा २०२२ च्या जूनमध्ये चेन्नईला गेली होती. पावसाळी समुद्राची धास्ती कोकणाला आहे ती उगाच नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

यवतमाळकराचा खरा प्रवास धक्क्यापर्यंतचा. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत आली, पण मुंबईसाठी अजून धामणगाव किंवा बडनेरा गाठावंच लागतं. रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला उतरवते आणि तिथून बोटीचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने अगदी जवळ. कागदावर हे फार सुरेख जुळतं. गाडी चार-पाच तास लेट झाली की सगळं कोलमडतं, कारण चेक-इन बंद झालं की झालं. बोट कुणासाठी थांबत नाही आणि पैसेही परत येत नाहीत. एक रात्र मुंबईत काढावी, तो खर्च सहलीतच धरावा. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. तिथे चेक-इन आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर आहेत. पण मोठी बॅग तिथे एकदा दिली की ती केबिनच्या दाराशी संध्याकाळीच भेटते. गोळ्या, आधारकार्ड, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत.

बोटीवर गेल्यावर पहिलं काम सुरक्षा कवायतीचं. बहुतेकांना ती कटकट वाटते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकाला लागली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला. आता ती बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर व्हावी लागते. नारिंगी जॅकेटचे पट्टे आवळताना मावशीबाईंची नऊवारी, तिच्यावर शाल आणि शालीवर जॅकेट अशी जी घडी बसते ती फोटोत छान दिसते, पण शाल आधी काढावी. पट्टा शालीवरून नीट बसत नाही. केबिनमध्ये उदबत्ती, निरांजन, इस्त्री, पाणी उकळायची कॉइल काही चालत नाही. बोटीवर पाण्यापेक्षा आगीची धास्ती जास्त. घरच्या फराळाचा उघडा डबाही चढताना बहुतेक अडवतात, तेव्हा चिवडा-लाडू मुंबईच्या मुक्कामातच संपवावेत.

केबिन निवडताना खिडकीचा मोह होतो. माझं मत असं की पहिल्यांदा जाणाऱ्याने मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, बिनखिडकीची असली तरी. बोट टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त डुलते. मात्र आतल्या केबिनमध्ये दिवा घालवला की हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही. पहाटेचे चार की सकाळचे नऊ, घड्याळाशिवाय कळत नाही. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं करून झोपावं. गाडी लागणाऱ्याला बोटही लागते. डॉक्टरांना विचारून आणलेली ॲव्होमिन उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, ती आधी घ्यायची. पोट रिकामं ठेवू नये, आलेपाक चघळावा, डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावं. बोटीच्या दवाखान्याचं बिल मुंबईतल्या खासगी दवाखान्यालाही मागे टाकतं, म्हणून विमा हवाच.

मुंबईचे दिवे मागे पडले की मोबाइलची रेंज जाते आणि कधी कधी बोटीवरचं सागरी नेटवर्क फोन आपोआप पकडतो. त्याचे दर भयंकर असतात. फोन विमानाच्या मोडवर टाकावा. जेवणात भाकर मिळेलच असं धरून चालू नये. पोळी, वरण-भात, एक-दोन भाज्या, जैन जेवण आणि दाक्षिणात्य नाश्ता हे ठरलेलं. दुपारी एकला सगळी बोट बुफेवर तुटून पडते. साडेबाराच्या आधी किंवा दोननंतर गेलेला माणूस सुखी.

बंदरांपैकी मुरगाव सोपं, पण पणजी तिथून तीसेक किलोमीटर आहे आणि टॅक्सीवाले बोटीचा दिवस ओळखून असतात. लक्षद्वीपला अगत्तीपाशी बोट बाहेर नांगरते आणि लहान होड्यांतून न्यावं लागतं. समुद्र खवळला तर उतरणं रद्द, आणि त्याबद्दल वाद घालून उपयोग नसतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी होडीत उतरण्याची शिडी आधी पाहावी, मग ठरवावं. परदेशी सफरीचा मोह असेल तर सिंगापूरहून निघणाऱ्या बोटी आपल्याकडच्या सहल कंपन्या विकतात. तिथे बोट देशाबाहेर जाऊन परत येते, म्हणून एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अपुरा पडू शकतो; पैसे भरायच्या आधी हे लेखी विचारून घ्यावं.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केलं आणि २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचं ठरवलं. प्रवासी वाढतील, यात मला शंका नाही. माझी शंका बोटींबद्दल आहे. मुंबई-गोवा अशी एका रात्रीची, परवडणारी, येता-जाता दोन्हीकडे उतरता येईल अशी बोट पुन्हा सुरू व्हावी, ही या वीस वर्षांतली माझी एकच मागणी. तोवर ‘एम्प्रेस’ची फेब्रुवारीतली, आठवड्याच्या मधल्या वारांची तारीख पाहावी. शनिवार-रविवारपेक्षा भाडं बहुधा कमी पडतं आणि लिफ्टपुढे रांग कमी असते. परतीच्या दिवशी सकाळीच उतरवतात, तेव्हा संध्याकाळच्या विदर्भचं रिझर्वेशन बोटीच्या तिकिटाबरोबरच करून ठेवावं. फेब्रुवारीत लग्नसराई असते आणि ते बोटीच्या केबिनपेक्षा आधी भरतं.