पंधरा वर्षांची गाडी आणि तिचा हिशेब

व्यापारी कुटुंबात वस्तूची किंमत तिच्या वयावरून ठरत नाही, उपयोगावरून ठरते. आजोबांच्या काळची तिजोरी आजही पेढीवर असते, कारण ती आजही आपले काम चोख करते. दारासमोर उभ्या असलेल्या जुन्या मोटारीलाही पुष्कळदा हाच न्याय लावला जातो. परंतु तिजोरी जागेवर उभी असते. मोटार घरातील माणसांना घेऊन रात्री-अपरात्री महामार्गावर धावते. म्हणून ‘अजून चालते आहे’ एवढे उत्तर पुरेसे ठरत नाही. ती किती भरवशाने चालते, किती खर्चात चालते आणि तिच्यात बसलेली माणसे किती सुरक्षित आहेत, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात.

होंडा सिटी ही गाडी या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. ती १९९८ च्या प्रारंभी भारतात आली. २००३ मध्ये तिची दुसरी पिढी, २००८ च्या अखेरीस तिसरी आणि २०१४ च्या आरंभी चौथी पिढी बाजारात उतरली. बाजारपेठेच्या गावांतील कित्येक घरांत मारुती ८०० नंतर आलेली पहिली ‘मोठी गाडी’ हीच होती. पहिल्या दोन पिढ्यांच्या सर्व गाड्यांनी आज पंधरा वर्षांचा टप्पा ओलांडला आहे आणि तिसऱ्या पिढीच्या गाड्या एकामागून एक तो ओलांडत आहेत. ठेवायची की काढायची, हा प्रश्न म्हणूनच अनेक घरांत जेवणाच्या ताटावर चर्चिला जातो.

मालकांचे अनुभव

लातूरच्या एका आडत व्यापाऱ्याकडे २००६ सालची सिटी आहे. तिचे एक लाख नव्वद हजार किलोमीटर झाले, तरी इंजिन एकदाही उघडावे लागलेले नाही. मात्र गेल्या पाच वर्षांत रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, इंजिनाचे माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश आणि क्लच प्लेट असे एकेक काम निघत गेले. वयस्क गाडीचा हा सर्वसाधारण स्वभाव आहे. ऑइल वेळेवर बदलले तर इंजिनातील धातूचे भाग दीर्घकाळ टिकतात. रबर आणि प्लास्टिक मात्र उष्णतेने कडक होऊन चिरते. काहीशे रुपयांचा पाण्याचा होज वेळीच बदलला नाही, तर इंजिन तापून हेड गॅस्केट जाते आणि बिल हजारोंच्या घरात पोहोचते. गाडीचा भरवसा बहुधा अशा किरकोळ भागांपाशीच तुटतो.

पुण्यातील एका ज्येष्ठ दांपत्याची गाडी वर्षाकाठी जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. ‘फारशी वापरलेली नाही’ म्हणून ती उत्तम असेल, असा घरातील सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात बॅटरी वारंवार उतरू लागली, उंदरांनी वायरिंग कुरतडले आणि टायरची नक्षी शाबूत असूनही बाजूंना भेगा पडल्या. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. ‘३२१४’ याचा अर्थ २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. ब्रेक ऑइलही हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याची परिणामकारकता घटते. गाडी उभी राहिली म्हणून या भागांचे वय थांबत नाही.

तिसरा अनुभव सांगलीच्या एका एकत्र कुटुंबाचा. पहिल्या पिढीची सिटी तीन भावांत फिरत होती. या जुन्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो आणि तो ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. दुसऱ्या पिढीपासून त्याची जागा साखळीने घेतली. बेल्ट दुसऱ्या भावाने बदलला असेल, असे प्रत्येक भाऊ धरून चालला. एके दिवशी घाटात बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह वाकले आणि मुलाबाळांसह कुटुंबाला दोन तास रस्त्याच्या कडेला थांबावे लागले. दुकानात पाच रुपयांचा व्यवहारही रोजमेळात नोंदवणाऱ्या या घरात गाडीची मात्र एकही नोंद नव्हती.

या अनुभवांत आता इंधनाचीही भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा कमी असते. या मिश्रणासाठी न घडवलेल्या चारचाकी गाड्यांची इंधन-कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मांडलेला आहे. जुन्या गाडीतील इंधनाचे रबरी पाइप आणि गॅस्केट त्यामुळे अधूनमधून तपासून घेणे हिताचे.

वहीखाते काय सांगते

आयकराच्या नियमानुसार मोटारीवर घटत्या मूल्याने दरसाल १५ टक्के घसारा धरला जातो. आठ लाखांची गाडी दहा वर्षांनी पुस्तकात सुमारे १ लाख ५७ हजारांवर आणि पंधरा वर्षांनी सुमारे ७० हजारांवर येते. म्हणजे जुन्या गाडीचा सर्वांत मोठा खर्च, तिचे घटणारे मूल्य, जवळपास संपलेला असतो. उरतो तो दुरुस्तीचा खर्च, आणि रोख मोजावा लागत असल्याने तोच अधिक बोचतो.

उदाहरणादाखल, तेरा लाखांची नवी गाडी घेऊन त्यापैकी आठ लाख रुपये नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो. पहिल्या वर्षी व्याज सुमारे ६६ हजार आणि घसारा १ लाख ९५ हजार, असा २ लाख ६० हजारांहून अधिक भार पडतो. जुन्या गाडीवर एखाद्या वर्षी ५० हजार खर्च झाले, तरी निव्वळ आकडेवारी तिच्याच बाजूने बोलते.

येथे एका चुकीपासून मात्र सावध राहावे. ‘गेल्या वर्षीच ४० हजार घातले, आता विकायची कशी?’ असे पुष्कळ मालक म्हणतात. गेलेला पैसा परत येत नाही आणि पुढच्या निर्णयात त्याला मत नसते. विचार करायचा तो येत्या बारा महिन्यांचा: कोणती कामे येऊ घातली आहेत, त्यांना किती लागेल आणि सुटे भाग मिळतात का? पडून राहिलेला माल खरेदीच्या भावाला चिकटून राहून कोणी शहाणा व्यापारी सांभाळत नाही. गाडीलाही हाच नियम लागू आहे.

विम्याचाही विचार याच ओघात व्हावा. पाच वर्षांनंतर गाडीचे विमाघोषित मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दाव्याच्या वेळी रबर, प्लास्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर सर्वसाधारण पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो. जुन्या गाडीच्या अपघातात खिशातून बरेच जाते, हे गृहीत धरून रक्कम बाजूला ठेवणे इष्ट.

जे वहीत मांडता येत नाही

आकडे जुन्या गाडीच्या बाजूने असले, तरी माणसांच्या सुरक्षिततेचे खाते वेगळे ठेवावे लागते. चालकासाठी एअरबॅग भारतात १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत ती नव्हतीच. ज्यांत होती, त्यांपैकी काहींत टकाटा कंपनीचे इन्फ्लेटर होते. उष्ण आणि दमट हवेत त्यांतील रसायन कालांतराने बिघडते आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडण्याचा धोका संभवतो. २०१२ आणि २०१३ सालच्या काही सिटी गाड्यांसह अनेक गाड्या यासाठी परत बोलावण्यात आल्या. बदल विनामूल्य असतो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असेल, तर ही सूचना त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. चॅसिस क्रमांक देऊन अधिकृत केंद्रात खात्री करून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे आणि सीटबेल्ट या चार बाबतींत काटकसरीला जागा नाही. एसी एखादा उन्हाळा थांबू शकतो. ब्रेक थांबू शकत नाहीत. जी गाडी गावातल्या गावात वसुलीसाठी निर्धोक आहे, ती नातवंडांना घेऊन रात्रीच्या प्रवासाला योग्य असेलच असे नाही. काही कुटुंबांनी यावर साधा तोडगा काढला आहे: जुनी गाडी गावापुरती ठेवायची आणि दूरच्या यात्रेला किंवा लग्नकार्याला भाड्याने नवी गाडी घ्यायची.

कागदपत्रे आणि निरोप

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते; पुढे तपासणीनंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात त्याखेरीज पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राच्या नियमांनी राज्यांना दिली आहे. प्रत्यक्ष सवलत आरटीओत विचारून घ्यावी.

ओळखीच्या माणसाला गाडी विकताना ‘घरचाच आहे’ म्हणून नाव बदलणे लांबणीवर टाकले जाते. आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विकलेल्या गाडीने अपघात केला, तर भरपाईचे दायित्व जुन्या मालकावर येऊ शकते. फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरण पूर्ण झाल्याशिवाय व्यवहार संपला असे मानू नये.

दिवाळीत वहीपूजन होते, नव्या वर्षाची खाती उघडली जातात. त्याच दिवशी गाडीच्या नावानेही एक पान असावे: ऑइल केव्हा बदलले, बेल्ट, बॅटरी आणि टायर किती जुने, वर्षाचा खर्च किती, पुढे काय येऊ घातले आहे. सुरक्षिततेचा भाग मिळेनासा झाला, की त्या पानावर शेवटची ओळ लिहावी आणि गाडीला निरोप द्यावा. तोवर नोंदी चोख असलेली जुनी गाडी नोंदी नसलेल्या नव्या गाडीपेक्षा अधिक भरवशाची ठरू शकते.