जनरेटर आणि शेजार

२३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा पाऊस कोसळू लागला की झाडे तारांवर येतात, घाटातील दुरुस्ती लांबते आणि बाजारपेठेत जनरेटर धडधडू लागतात. दुकानातील फ्रीज, लॉजमधील पाहुणे यांच्यासाठी ते आवश्यकच; त्यास दोष देता येणार नाही.

प्रश्न रात्रीचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. ध्वनिरोधक पेटीतील डिझेल जनरेटरलाही एक मीटरवर ७५ डेसिबलची मुभा असते. अंतर दुप्पट झाले की साधारण सहा डेसिबल घटतात. म्हणजे ४५ वर येण्यास मोकळ्या जागेतही तीसेक मीटर हवेत. बाजारपेठेत दोन घरांमध्ये जेमतेम बोळ! पलीकडे कोणी सामायिकास बसलेले असते, कोणी आजारी असते.

येथे पावसाळ्यात पंखाही लागत नाही. दोन-चार दिव्यांसाठी रात्रभर डिझेल जाळणे हा व्यापाऱ्याचा हिशेब नव्हे. दिवसा जनरेटरवर इन्व्हर्टरची बॅटरी भरावी, रात्री तीवर भागवावे. दार न उघडल्यास फ्रीजमधील गारवा काही तास टिकतो.

आणि पावसाच्या भीतीने ताडपत्री लावून बंदिस्त केलेल्या ओसरीत जनरेटर कदापि ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही, मग ते घर आपले असो वा शेजाऱ्याचे.